कर्रारच्या मागे दहा पावलं

एकतीस वर्षं हसबरसूलने आगगाडीत तिकिटं तपासली. सुदानमधल्या वादी हल्फा ते अबू हमद या मार्गावर मधली स्टेशनं इतकी ओसाड, की त्यांना नावं ठेवायलाही कुणी नव्हतं. म्हणून नुसते आकडे, एक नंबरपासून दहा नंबरपर्यंत. गाडीतून उतरून पळायचं म्हटलं तर पळणार कुठे? तरी माणसं विनातिकीट चढायचीच. कुणी बाकाखाली, कुणी टपावर, आणि एकदा एक जण खजुराच्या पोत्यात. हसबरसूल त्या पोत्यासमोर उभा राहिला आणि शांतपणे म्हणाला, "खजूर श्वास घेत नाहीत." पोतं तसं काही हललं नव्हतं. पण आतला माणूस घाबरला आणि आपणहून बाहेर आला. हा किस्सा हसबरसूल कुठेही सांगायचा, लग्नात, मयतीत, न्हाव्याकडे.

एकदा त्याने बायकोच्या सख्ख्या भावाला पकडलं. मेहुणा हसत म्हणाला, "दाजी, मी!" दाजींनी दंड केला आणि वर त्याला सहा नंबरला उतरवलं. बायको, बतूल, महिनाभर बोलली नाही. हसबरसूलला त्यात आपलं काही चुकलं असं कधी वाटलं नाही. नियम तो नियम. अबू हमदमध्ये लोक त्याचा मान ठेवत आणि शक्यतो त्याच्या शेजारी बसत नसत. हातात काही नसलं तरी त्याच्या नजरेपुढे खिसे चाचपावेसे वाटत.

बतूल वारली, तो निवृत्त झाला, गाड्याही कमी कमी होत गेल्या. मग वाळवंटात सोनं निघालं. ज्याच्याकडे पिकअप होती आणि ज्याच्याकडे सोनं शोधायची मशीन होती, त्यांची रातोरात भागीदारी झाली. पण या धंद्यात एक गोम आहे. मशीन जमिनीवरून फिरवायची आणि तिचा आवाज हेडफोनमधून ऐकायचा. तो ऐकणारा एकटा. तो म्हणेल तिथे बाकीच्यांनी खणायचं. तो जिथे गप्प राहील तिथलं सोनं देवाला ठाऊक आणि त्याला ठाऊक. म्हणून शहाणा मालक मशीनबरोबर आपला एक माणूस पाठवतो. त्या माणसाने काही करायचं नसतं, फक्त मागे मागे चालायचं असतं.

हाजी मुख्तारने आपल्या मशीनवर नजर ठेवायला हसबरसूलला बोलावलं. म्हणाला, "सगळ्या गावात तुझ्याइतका संशयी माणूस दुसरा नाही." हसबरसूलने ते कौतुक म्हणूनच घेतलं.

पण तो गेला त्याला खरं कारण वेगळं होतं. ती मशीन फिरवणाऱ्या कर्रारने त्याच्या मुलीला मागणी घातली होती.

तहानी अठ्ठावीस वर्षांची, मुलींच्या शाळेत शिकवणारी. आधी दोन स्थळं येऊन गेली होती. पहिला मुलगा मशिदीतून दुसऱ्याच्या चपला घालून घरी गेला होता. चुकून गेला असेल, पण हसबरसूलच्या नजरेतून ते सुटलं नाही. दुसऱ्याचं औषधाचं दुकान. आई आजारी आहे म्हणून त्याने एक दिवस दुकान बंद ठेवलं, आणि त्याच दिवशी हसबरसूलने त्याच्या आईला बाजारात भेंडी निवडताना पाहिलं. झालं, दोन्ही स्थळं मोडली. आता कर्रारच्या घरची माणसं महिन्याच्या शेवटच्या गुरुवारी बोलणी करायला येणार होती. हसबरसूलने त्यांना निरोप धाडला: मी मोहिमेवरून परत येतो, मग हो की नाही ते सांगतो.

निघायच्या सकाळी तहानीने त्याच्या पिशवीत वाळवलेली भेंडी आणि चहापत्ती भरली.

"बाबा, माणूस चांगला आहे."

"कशावरून?"

"बहिणीच्या पोरीला रोज शाळेत सोडायला येतो. पाच महिने बघतेय."

"शाळेच्या दारात सगळेच चांगले असतात."

पिशवीचं तोंड तिने जरा जास्तच जोरात आवळलं.

सहा नंबर स्टेशनच्या पूर्वेला, काळ्या टेकड्यांत त्यांचा तळ पडला. माणसं चार. कर्रार, चौतिशीचा, बारीक अंगाचा, कमी बोलणारा. गाडी चालवणारा आणि स्वयंपाक करणारा जादल्ला. खणायला अत्तोम, पन्नाशीचा, ओठाखाली कायम तंबाखूची गोळी. आणि हसबरसूल, खणत नाही, शिजवत नाही, नुसता बघतो.

आमच्या रुबाताब जमातीच्या लोकांच्या जिभेला सगळा सुदान घाबरतो. आम्ही एखाद्या गोष्टीला उपमा दिली की ती गोष्ट मोडते, असं म्हणतात. आणि अत्तोम तर त्यातला उस्ताद. पहिल्याच दिवशी कर्रार मशीन घेऊन पुढे आणि हसबरसूल बरोबर दहा पावलं मागे, हे बघून तो म्हणाला, "बघा रे, उंटिणीच्या मागे चाललेलं पांढऱ्या दाढीचं पिल्लू!"

"माशाल्ला म्हण! लवकर म्हण, नजर लागेल!" जादल्ला ओरडला. पण उशीर झाला होता. त्याच दुपारी हसबरसूलचा घोटा मुरगळला. लंगडत, शिव्या देत तो चालत राहिला, पण अंतर दहा पावलांचंच. हा हट्ट बघून अत्तोमनेसुद्धा मान डोलावली.

जादल्लाला तर चेष्टेला आयतंच खाद्य मिळालं होतं. "जगात लोक मुलगी बघायला जातात," गव्हाची जाड गुरासा तव्यावर उलटत तो म्हणायचा, "इथे सासरा पाण्याची पिंपं भरून नवरदेव बघायला आलाय! काय हो काका, चालवून बघितलंत, आता दातही मोजणार का?" कर्रार खाली बघून हसायचा. हसबरसूल हसायचा नाही. ज्याला लपवायचं असतं तो खाली बघतो, हे त्याने एकतीस वर्षं पाहिलं होतं.

तिथली जमीन मोठी फसवी. सगळीकडे लोखंडाचा अंश, काळे जड दगड, मधूनच पांढऱ्या गारगोटीच्या शिरा. लोखंडामुळे मशीन सारखी कुरकुरते. कर्रार रोज सकाळी तिची गोल तबकडी जमिनीवर वरखाली, वरखाली करायचा, कुरकूर शमेपर्यंत. "तिला इथली जमीन समजावून सांगावी लागते," तो म्हणायचा. तरी काही काळे दगड असे, की त्यांच्यावरून तबकडी गेली की मशीन सोनं सापडल्यासारखी ओरडते. खणलं तर दगडच. कर्रार त्यांना लबाड दगड म्हणायचा. दिवसातून वीस वेळा तो थांबायचा, ऐकायचा, "लबाड दगड" म्हणायचा आणि पुढे निघायचा.

पहिल्यांदा हसबरसूलने ऐकून घेतलं. पाचव्यांदा त्याच्या मनात पाल चुकचुकली. दगड लबाड, हे सांगणार कोण? तर कर्रार. कर्रार लबाड, हे सांगणार कोण? दगड तर बोलत नाही.

"मलाही ऐकव बघू," तो एकदा म्हणाला.

कर्रारने लगेच हेडफोन काढून त्याच्या कानांवर बसवले. एका काळ्या दगडावरून तबकडी फिरवली, मग आदल्या दिवशी सापडलेला सोन्याचा कण मातीत ठेवून त्यावरून. "कळलं? दगडाचा आवाज पसरट, काठ नसलेला. सोन्याचा गोळीबंद. जातो आणि येतो, पण तिथेच."

हसबरसूलला दोन्ही वेळा डास गुणगुणल्यासारखं ऐकू आलं. त्याने हेडफोन परत दिले, आणि त्या दिवसापासून त्याचा संशय दुप्पट झाला. जे आपल्याला तपासता येत नाही, त्यावर त्याने आयुष्यात कधी विश्वास ठेवला नव्हता. कर्रार "लबाड दगड" म्हणाला की तो तिथे गारगोटीचा एक खडा ठेवायचा, म्हणजे रात्री तिथे कुणी येऊन गेलं तर सकाळी कळेल. पहाटे नमाजआधी उठून तो खडे बघून यायचा. सगळे जागच्या जागी असायचे. त्याचं समाधान व्हायचं नाही. उलट, पोरगा किती सावध आहे, असं वाटायचं.

दुसऱ्या आठवड्यात एक गोष्ट घडली. जुन्या टोळीच्या सोडलेल्या तळापाशी ते आले. चुलीचे तीन काळे दगड, फाटकी ताडपत्री, गंजलेले डबे. कर्रारने मशीन उचलून खांद्यावर टाकली आणि पन्नासएक पावलं तसाच चालत गेला. पलीकडे जाऊन पुन्हा फिरवायला लागला.

"मधे का नाही फिरवली?" हसबरसूलने विचारलं.

"तिथे लोक राहून गेलेत, काका."

"मग?"

"मग काय? चला."

कर्रारने असं सांगितलं, जसं काही त्यात सांगण्यासारखं नव्हतंच. हसबरसूलने पुढे विचारलं नाही. जो माणूस "मग काय" म्हणतो त्याच्याकडे उत्तर नसतं, हेही त्याने गाडीतच शिकून ठेवलं होतं. विचारलं असतं तर पुढचं सगळं टळलं असतं. पण विचारणारा माणूस उत्तराची वाट बघतो. हसबरसूल फक्त चूक होण्याची वाट बघत होता.

बाकी कर्रारमध्ये खोट काढायला जागा नव्हती, आणि नेमकं तेच त्याला खुपत होतं. पोरगा नमाजआधी हातपाय धुवायला त्याच्या वजूचं पाणी उन्हात ठेवून कोमट करून आणायचा. सुजलेल्या घोट्याला तिळाचं तेल चोळायचा. जेवताना गुरासाचा मऊ भाग त्याच्याकडे सरकवायचा. बाकीच्यांना वाटायचं, किती सेवा करतोय. हसबरसूलला वाटायचं, एवढी सेवा कशासाठी? बाकाखाली मोठी गाठोडी असलेले प्रवासीच त्याला सर्वांत आधी चहा देत असत.

सोनं मात्र आटत चाललं होतं. पहिल्या आठवड्यात बरं निघालं, दुसऱ्यात कण कण, आणि मग चार दिवसांत मिळून एकच तुकडा. वाकडातिकडा, दोन मुळांचा. अत्तोमने तो तळहातावर घेऊन बघितला आणि म्हणाला, "ही तर माझ्या सासूची अक्कलदाढ! बाकी अक्कल तिच्याकडेच राहिली वाटतं." सगळे हसले, जादल्लाने तीनदा माशाल्ला म्हटलं, आणि त्या तुकड्याचं नाव दाढ पडलं. रोज संध्याकाळी चौघांदेखत सोनं एका पत्र्याच्या डबीत जायचं, डबीला दोरा बांधला जायचा आणि डबी हसबरसूलच्या कमरेला. विश्वासाची ती एकच जागा होती, आणि ती त्याच्याकडे होती.

गुरुवार सहा दिवसांवर आला. हसबरसूलला झोप लागेना. हो म्हणावं, तर आयुष्यभर वाटत राहणार की आपण चोराला मुलगी दिली. नाही म्हणावं, तर तहानी विचारणार, का? आणि या वेळी चपला नव्हत्या, भेंडी नव्हती, काहीच नव्हतं. त्याला एक पुरावा हवा होता. खरा निघाला तर खरा, खोटा निघाला तर खोटा, पण हातात घेऊन बघता येईल असा.

शनिवारी दुपारी जेवणं झाली. तिघं पिकअपच्या सावलीत तोंडावर फेटा टाकून आडवे झाले. हसबरसूल उठला. असरच्या, उतरत्या दुपारच्या नमाजीनंतर कर्रार समोरच्या उतारावर मशीन फिरवणार होता. कुठून सुरुवात करणार तेही त्याने सकाळीच बोटाने दाखवलं होतं. हसबरसूल लंगडत तिथे गेला. त्याने डबीचा दोरा सोडला, दाढ काढली, वीतभर खड्डा केला, तिला खाली ठेवलं, माती लोटली, वरचे दगड पुन्हा मांडले. हाताने वाळू सारखी केली. मग डबी बांधली, हात झटकले आणि येऊन आडवा झाला. आपण काय केलं, असं त्याला क्षणभरही वाटलं नाही. साध्या कपड्यातला पोलीस खोटं तिकीट घेऊन गाडीत बसतो, तसंच हे.

नमाज झाली. कर्रारने हेडफोन चढवले. हसबरसूल मागे, दहा पावलांवर. त्याची छाती इतकी धडधडत होती की त्याला वाटलं, मशीनला ऐकू जाईल.

कर्रार जागेजवळ आला. तबकडी वरून गेली. थांबली. मागे आली, पुन्हा गेली. गोळीबंद, हसबरसूल मनात म्हणाला. जातो आणि येतो, पण तिथेच. कर्रारने खाली बघितलं. वाकला, एक दगड बोटाने जरासा उलटा केला, पुन्हा होता तसा ठेवला. मग मान वर करून त्याने सगळीकडे नजर फिरवली, अत्तोमकडे, जादल्लाकडे, दूर खिंडीकडे. आणि पुढे चालू लागला.

"काय होतं तिथे?" हसबरसूलचा आवाज चिरकला.

"काही नाही, काका."

लबाड दगडसुद्धा म्हणाला नाही. काही नाही, म्हणाला. हसबरसूलच्या मनात दोन गोष्टी एकदम उसळल्या. पकडला, याचा आनंद; आणि तहानी. दोन्हींपैकी आनंद आधी तोंडात आला, हे त्याला नंतर कधीही स्वतःला माफ करता आलं नाही.

"चोर!" तो ओरडला. "अत्तोम! जादल्ला! इकडे या! पकडलाय मी याला! तरीच म्हटलं सोनं कुठे जातंय! लबाड दगड म्हणे! लबाड हाच! सोन्यावरून गेलाय, ऐकलंय याने, माझ्या तोंडावर काही नाही म्हणतोय! रात्री येऊन उकरणार होतास ना? बोल! आणि माझ्या घरी येणार होतास गुरुवारी? माझ्या मुलीला मागायला?"

दोघं धावत आले. कर्रारने हेडफोन गळ्यात घेतले. तो रागावलेला दिसत नव्हता. एखादं गणित मनात सोडवत असल्यासारखा तो हसबरसूलकडे बघत होता, आणि ते सुटलं तेव्हा त्याचा चेहरा उतरला.

"काका," तो हळूच म्हणाला, "तिथे सोनं आहे हे तुम्हाला कसं कळलं?"

वारा सुटला होता. अत्तोमने एकदा याच्याकडे, एकदा त्याच्याकडे बघितलं, खाली बसला आणि हातानेच माती बाजूला केली. वीतभरावर दाढ निघाली. तीच दोन मुळं, तेच वाकडं डोकं. ती तळहातावर घेऊन तो बसून राहिला. त्याला एकही उपमा सुचली नाही.

"ही डबीत होती," जादल्ला म्हणाला. "चौघांदेखत ठेवली होती. काका, कुंपणानेच शेत खाल्लं की हो!"

"खाल्लं नाही," हसबरसूल म्हणाला. "मी फक्त... मला बघायचं होतं. तो खरा असता तर थांबला असता. सांगितलं असतं. तो का गेला पुढे? हे विचारा ना त्याला! का गेला?"

"अहो, कारण तो माणूस आहे!" जादल्ला भडकला. "इथे कपाटं आहेत का? कुलपं आहेत का? ज्याच्याजवळ जे काही असतं ते तो जमिनीत ठेवतो आणि नंतर येऊन नेतो. हे बघा!" त्याने जागेवरचा एक दगड उचलून हसबरसूलच्या नाकासमोर धरला. "उन्हात पडलेल्या दगडाची पाठ काळी असते, पोट फिकट. तुम्ही सगळ्यांची पोटं वर करून ठेवलीत. आंधळ्यालाही दिसेल की इथे कुणीतरी काहीतरी ठेवलंय. आणि उकरलेल्या मातीचा आवाज तर यांना लांबूनच कळतो. जमिनीने दिलेलं आपलं, माणसाने ठेवलेलं त्याचं. त्याला हात लावायचा नाही आणि चार माणसांत बोलायचंही नाही, नाहीतर बाकीचे टपून बसतील. हे आमच्याकडे शेळ्या राखणाऱ्या पोरांनाही ठाऊक आहे!"

"जुन्या तळावरून मशीन उचलून नेली ती त्यासाठीच," अत्तोम खालूनच म्हणाला. "मला वाटलं, तुम्हाला माहीत असेल."

हसबरसूल खाली बसला. घोटा दुखत होता म्हणून नव्हे. खरा असता तर थांबला असता, हे त्याचं गणित. आणि पोरगा खरा होता म्हणूनच थांबला नव्हता. आयुष्यात पहिल्यांदा त्याला हवा तो पुरावा मिळाला होता, अगदी हातात घेऊन बघता येईल असा, आणि त्याने तो उलटा वाचला होता.

"मला वाटलं, मागच्या मोसमातल्या कुणाचं असेल," कर्रार म्हणाला. "येईल बिचारा कधीतरी." मग त्याने अत्तोमच्या हातातून दाढ घेतली, हसबरसूलच्या मांडीवर ठेवली. "डबीत टाका, काका. दोरा नीट बांधा. आणि तुम्ही दोघं ऐका, यातलं एक अक्षर हाजींच्या कानावर जायचं नाही. म्हातारा माणूस आहे. चुकतो माणूस."

त्याने शिवी दिली असती तर बरं झालं असतं.

उरलेले दिवस कर्रारने हेडफोन लावले नाहीत. मशीनचा आवाज उघडा सोडला, सगळ्यांना ऐकू जाईल असा. वाऱ्यात त्यातलं निम्मं विरून जायचं, बारीक आवाज तर येतच नव्हता. सोनंही येईना.

"लाव रे बाबा ते कानाला," हसबरसूल विनवायचा. आता तो दहा पावलं मागे चालत नव्हता. गाडीजवळ बसून राहायचा आणि तिथूनच हाका मारायचा. "हात जोडतो. मी बघतसुद्धा नाहीये!"

"असू द्या, काका. असंच बरं आहे."

परतायच्या आदल्या दिवशी चहाच्या वेळी तो कर्रारशेजारी जाऊन बसला. आयुष्यात त्याने कुणाची माफी मागितली नव्हती. कशी मागतात तेही त्याला नीट येत नव्हतं.

"पोरा, माझी खात्री झाली. तुझ्यासारखा माणूस मी पाहिला नाही. गुरुवारी ये. माझा होकार आहे. आत्ता, या दोघांसमोर सांगतो."

कर्रार बराच वेळ पेल्यातला चहा ढवळत बसला. साखर कधीच विरघळली होती.

"माझी आई म्हणाली होती, हसबरसूलचं घर फार सरळ आहे," तो शेवटी म्हणाला. "सरळ आहेच. पण काका, तुम्ही उतारावर ओरडलात ना, तेव्हा तुम्ही खूश होतात. मी तुमचा चेहरा बघितला. मी चोर निघालो याचा तुम्हाला आनंद झाला होता. आता मी तुमच्या घरात रोज जेवायला बसेन, आणि तुम्ही पुन्हा त्या आनंदाची वाट बघत बसाल. मला ते जमणार नाही."

"नाही रे, आता नाही..."

"तहानीचं मन दुखावेल. माझंही दुखावलंय. पण नाही जमणार."

हसबरसूलने अत्तोमकडे बघितलं. अत्तोम उठून उगाचच पाण्याचं पिंप बघायला गेला.

मंगळवारी पिकअप अबू हमदमध्ये त्याच्या दारात थांबली. कर्रारने त्याची वळकटी आणि पिशवी उतरवून ओट्यावर ठेवली, घोट्याला जपा म्हणाला. आतून तहानीने पाण्याचा तांब्या पुढे केला. दाराआडून फक्त तिचा हात दिसत होता. कर्रारने त्या हाताकडे बघितलं, छातीवर हात ठेवून मान लववली आणि पाणी न पिता गाडीत जाऊन बसला. लांबून आलेला माणूस आमच्याकडे दारातलं पाणी न पिता जात नाही. तहानीला जे कळायचं ते तिथेच कळलं असावं. तरी तिने विचारलं.

"कसा आहे, बाबा?"

"चोख," हसबरसूल म्हणाला. "इतका चोख माणूस मी एकतीस वर्षांत पाहिला नाही."

तिच्या चेहऱ्यावर जे उमटलं ते बघणं त्याला अवघड गेलं, पण त्याने मान फिरवली नाही.

"मग गुरुवारी..."

"तो येणार नाही."

मग त्याने तिला सगळं सांगितलं. डबीचा दोरा सोडला तिथपासून. काही लपवलं नाही, आपला आनंदसुद्धा नाही. ती उभ्यानेच ऐकत होती. त्याचं बोलणं संपलं तेव्हा ती आतल्या खोलीत गेली. गुरुवारसाठी तिने बारा नवे पेले आणले होते, कडेला सोनेरी रेघ असलेले. ते धुऊन तबकात मांडून ठेवले होते. ती खाली बसली आणि एकेक पेला वर्तमानपत्राच्या कागदात गुंडाळून खोक्यात परत ठेवायला लागली.

हसबरसूल दारात उभा राहून बघत होता. थोड्या वेळाने तो लंगडत आत आला आणि मदत करायला म्हणून त्याने एका पेल्याकडे हात नेला.

"राहू द्या, बाबा," तहानी वर न बघता म्हणाली. "तुम्ही हातात घेतलात, की आधी वाजवून बघाल."

त्याने हात मागे घेतला. तिने तो पेला उचलला, कागदात गुंडाळला आणि पुढचा घेतला.